एकोणिसावा

खाशाबा जाधवांचे नाव मराठी माणसाला सांगावे लागत नाही. १९५२ साली हेलसिंकीहून त्यांनी कुस्तीतले कांस्यपदक आणले. पण त्याच्या बत्तीस वर्षे आधी बेळगावकडचा एक गडी ऑलिंपिकची मॅरेथॉन धावून आला. त्याचे नाव विचारा, चार शिकलेली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. फडेप्पा दरेप्पा चौगुले!

हा योग आणला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने. १९१९ साली तिथल्या शर्यतींना सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. त्यांनी पाहिले ते असे: पोरे शेतकऱ्यांची, खाणे जेमतेम, पाय अनवाणी, नियमांचा गंध नाही; आणि घड्याळ पाहावे तर युरोपातल्या धावपटूंच्या थोडीच मागे. चांगले अन्न आणि शिकवणारा मिळाला तर ही पोरे नाव काढतील, असे त्यांच्या मनाने घेतले. लांब पल्ल्याचे तिघे निवडून त्यांचा खर्च टाटांनी स्वतः उचलला.

२२ ऑगस्ट १९२०, अँटवर्प. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्या अंतराहून अर्धा किलोमीटर जास्तच. पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, २ तास ३२ मिनिटांत. हा काही ऐरागैरा नव्हे. आठ वर्षांपूर्वी स्टॉकहोमला त्याने तीन सुवर्णपदके घेतलेली. आमचे चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे. सोबतचे सदाशिव दातार शर्यत पुरी करू शकले नाहीत.

एकोणिसाव्याला पदक नाही, म्हणून आपल्याकडे त्याची आठवणही नाही. मी मराठीचा मास्तर, धावण्यातले मला काय कळणार? पण विजेत्यामागे अठरा मिनिटे, एवढ्या अंतरावर हा गडी होता, हे गणित मलाही येते. चार वर्षांनी पॅरिसला आपले महादेव सिंग धावले, ते एकोणतिसावे आले. पुढे १९२८ पासून हॉकीची सुवर्णपदके येऊ लागली आणि रस्त्यावर धावणाऱ्यांकडे कोण पाहतो!

आमच्या अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याला पोरे रोज डोंगर तुडवतात. तालुक्याच्या शर्यतीत त्यातला एखादा अनवाणी पुढे निघतो, टाळ्या घेतो आणि दुसऱ्या दिवशी भाताच्या खाचरात उतरतो. नाशिककडच्या सावरपाड्याची कविता राऊतही अशाच डोंगरपाड्यातली. विजेंद्र सिंग नावाचा प्रशिक्षक तिला लाभला, आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक तिने मिळवले.