शेरेबुकाबाहेरचा अर्धा तास

अंगणवाडीच्या दारात पर्यवेक्षिकेची दुचाकी थांबली की आत जी धांदल उडते ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. मदतनीस मुलांना घाईघाईने रांगेत बसवू लागते, सेविका कपाटातून नोंदवह्यांचा गठ्ठा काढून समोर ठेवते, आणि हजेरी, आहाराचा साठा, वजनांचे तक्ते, गृहभेटींच्या नोंदी व लसीकरणाच्या तारखा यांचा मेळ घालता घालता तास-दीड तास उलटून गेल्यावर पर्यवेक्षिका शेरेबुकात चार ओळी लिहिते, त्याखाली तारखेसह सही करते आणि पुढच्या गावाचा रस्ता धरते. या अवधीत सेविकेने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिलेली असतात, क्वचित एखाद्या त्रुटीचा खुलासाही केलेला असतो. परंतु आपल्या कामाविषयी तिला स्वतःला काय वाटते, कशाची भीती वाटते, कोठे अडते, हे तिला कोणी विचारलेले नसते, आणि दप्तर उघडे असताना ते सांगण्याचे धैर्य तिलाही होत नाही. तपासणी यथासांग पार पडते खरी, पण तिला भेट म्हणावे काय, हा प्रश्न या अंकाच्या निमित्ताने आम्ही वाचक भगिनींपुढे ठेवू इच्छितो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, बीटातील प्रत्येक सेविकेशी महिन्यातून एकदा, निदान अर्धा तास, नोंदवह्या मिटून व मोबाईल पिशवीत ठेवून, तिच्याशी एकटीशीच बोलण्याचा शिरस्ता प्रत्येक पर्यवेक्षिकेने पाडला पाहिजे. हे वाचताच ‘वेळ आहे कोठे?’ असा प्रतिप्रश्न मनात उभा राहील याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे, आणि तो प्रश्न आळसातून उद्भवलेला नाही हेही आम्ही जाणतो. वीस-पंचवीस अंगणवाड्यांचे बीट, त्यांतल्या काही डोंगरापलीकडच्या पाड्यांवर. शेजारचे पद रिक्त राहिल्यामुळे पदरात आलेला दुसऱ्या बीटाचा अतिरिक्त कार्यभार. 2021 साली पोषण ट्रॅकर आला तरी अनेक ठिकाणी कागदी नोंदवह्यांचे ओझे उतरलेले नाही. सप्टेंबर उजाडला की पोषण माहाचे उपक्रम आणि त्यांची छायाचित्रे आजच्या आज पाठवण्याचा तगादा. या रगाड्यात आणखी एक काम सांगणारा संपादक कोणासही नकोसाच वाटेल. तरीही हे सांगण्याचे धाडस आम्ही करतो, त्याचे कारण प्रस्तुत लेखिकेच्या स्वतःच्या नोकरीत घडलेला एक प्रसंग आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी माझ्या बीटात एका वाडीवरची अंगणवाडी होती. तेथील वजनांची वही इतकी नीटनेटकी की, इतर सेविकांना मी ती नमुना म्हणून दाखवीत असे. एकही रकाना रिकामा नाही, खाडाखोड नाही, आणि प्रत्येक मुलाच्या वजनात दरमहा बरोबर शंभर ग्रॅमांची वाढ. ओळीने तीन भेटींत मी शेरेबुकात ‘नोंदी नियमित, काम समाधानकारक’ असा शेरा लिहिला. श्रावणातल्या एका दुपारी तपासणी आटोपून निघणार तो ओढ्याला पूर आला, परतीची वाट बंद झाली, मुले घरी गेली, मदतनीस पाणी भरायला गेली, आणि मिटलेल्या नोंदवह्यांशेजारी आम्ही दोघीच पावसाकडे पाहत बसलो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाई, एक सांगू का? रागावणार नाही ना? काटा चैत्रापासून बिघडलाय.” हे आजवर का सांगितले नाहीस, असे विचारता तिने सांगितले की, वस्तू मोडली तर तिची किंमत मानधनातून भरून द्यावी लागेल अशी ताकीद तिला पूर्वी कधीतरी मिळाली होती, बीट बैठकीत दोनदा उठून सांगावेसे वाटले, पण सगळ्यांसमोर जीभ रेटली नाही.

आठवड्याच्या आत प्रकल्प कार्यालयातून दुसरा साल्टर काटा आणून मुलांची वजने केली. वहीत 7 किलो 300 ग्रॅम नोंदलेली अकरा महिन्यांची एक मुलगी काट्यावर 6 किलो भरली. तिला ग्रामीण रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती वाचली. त्या सेविकेने चार महिने खोट्या नोंदी केल्या, हा दोष तिचाच, आणि तो लहान नव्हे. परंतु वाढणाऱ्या मुलांचे वजन असे शंभर-शंभर ग्रॅमांच्या पायऱ्यांनी चढत नसते हे ठाऊक असूनही मी तीन वेळा समाधान व्यक्त केले, आणि जी गोष्ट सांगण्यासाठी ती चार महिने तळमळत होती ती माझ्या कानी घालण्याकरिता ओढ्याला पूर यावा लागला, हा दोष माझा. त्या पावसाळ्यानंतर मी पुराची वाट पाहिली नाही.

बीट बैठक असताना निराळ्या बोलण्याची आवश्यकता काय, असे काही जणी म्हणतील. बीट बैठकीचे प्रयोजन वेगळे आहे. तेथे माहिती जमा होते, परिपत्रके वाचली जातात, सूचना एकाच वेळी सर्वांना पोहोचतात. आपल्या केंद्रातला काटा मोडला आहे, मदतनिशीशी पटत नाही, सरपंचाच्या घरून आहाराच्या पाकिटांची मागणी होते, किंवा नवऱ्याच्या आजारपणामुळे गृहभेटी राहून गेल्या, या गोष्टी वीस-पंचवीस जणींच्या देखत कोणतीही स्वाभिमानी स्त्री उच्चारणार नाही. त्या दोघींतच बोलल्या जातात.

आता वेळेचा हिशोब. पंचवीस सेविकांना प्रत्येकी अर्धा तास म्हणजे महिन्याला साडेबारा तास. महिन्याचे कामाचे दिवस चोवीस धरले तर दिवसाकाठी साधारण एक सेविका. तिच्याकडे आपण एरवीही जातोच, तेव्हा नवा फेरा घालावा लागत नाही; क्रम तेवढा बदलावा लागतो. बोलणे आधी, दप्तर नंतर. बोलण्यातून ज्या अडचणी आधीच उघड झाल्या त्या पुढे नोंदवहीत शोधत बसाव्या लागत नाहीत, आणि रात्री नऊ वाजता येणारे सेविकांचे फोनही कमी होतात, असा माझा अनुभव आहे. ज्यांच्याकडे दोन बीटे आहेत त्यांनी दोन महिन्यांतून एकदा बोलावे, पण तारीख ठरवून बोलावे, आणि ती तहकूब करणे भाग पडले तर आदल्या दिवशी निरोप धाडून नवी तारीख द्यावी. ऐन वेळी रद्द झालेली भेट ही न ठरवलेल्या भेटीपेक्षा अधिक अपाय करते.

हे बोलणे सेविकेच्या घरी नको. तेथे सासू ऐकत असते. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तर नकोच. मदतनीस मुलांना गाणी-गोष्टींत रमवीत असता अंगणवाडीच्या अंगणात, झाडाखाली, दोघींनी बसावे. आरंभी ‘ताई, या महिन्यात सगळ्यांत जड काय गेले?’ एवढेच विचारावे आणि मग गप्प राहावे; पहिली दोन-तीन मिनिटे अवघड जातात, पण तिथे आपण बोलायला लागलो की संपले. तिने सांगितलेले स्वतःच्या लहानशा वहीत टिपून घ्यावे, जे आपल्या हाती नाही त्याचे आश्वासन देऊ नये, आणि पुढल्या भेटीत मागच्या गोष्टीचे काय झाले हे आपण होऊन सांगावे, मग उत्तर नकारार्थी का असेना. तिने विश्वासाने उच्चारलेला शब्द कारणे दाखवा नोटिशीत उतरला तर त्या बीटात पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस काम आरंभले तेव्हा मुले शाळेत येत नाहीत हे पाहून शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. 1975 साली 2 ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने आपल्या केंद्रांना जे नाव दिले त्याच्या मुळाशी ही कृती आहे. ज्यांच्या खांद्यावर आज ही अंगणे उभी आहेत त्या सेविका मानधनावर राबतात. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदान कायद्याचा लाभ देय असल्याचा निर्वाळा दिला, म्हणजे न्यायालयाने त्यांच्या कामाला काम म्हटले. आपण, जे त्यांच्या सर्वांत जवळचे वरिष्ठ, त्यांनी त्यांच्याशी बोलायला अर्धा तास काढू नये, हे आम्हांस उचित वाटत नाही.

बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांनाही आमची विनंती आहे. पर्यवेक्षिकेलाही कोणी ऐकणारे हवे असते, आणि आढावा बैठकीत ज्यांच्या वाट्याला लाल रंगाने अधोरेखित केलेले आकडेच येतात त्यांच्याकडून सेविकांशी शांतपणे बोलण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आपल्या प्रकल्पातील प्रत्येक पर्यवेक्षिकेला महिन्यातून एकदा कक्षात बोलवावे, दार लोटून घ्यावे, फोन दुसऱ्याकडे द्यावा.

पुढील महिन्याचा संभाव्य फिरती कार्यक्रम मंजुरीस पाठवण्याची वेळ आलीच आहे. त्यात प्रत्येक गावाच्या नावापुढे सेविकेचे नाव आणि बोलण्याची वेळ लिहावी, आणि अधिकाऱ्यांनी तो अर्धा तास न कापता कार्यक्रम मंजूर करावा.