अलास्कातील कवायत आणि बीडचा कापूस

27 ऑगस्ट 2025 रोजी अमेरिकेने भारतीय मालावरील जादा आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेले. दुसऱ्याच दिवशी भारत सरकारने परदेशी कापसावरील 11 टक्के आयातशुल्काची माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. आणि 1 सप्टेंबरला मद्रास रेजिमेंटच्या पलटणीचे जवान अमेरिकेच्या अलास्का प्रांतात, फोर्ट वेनराइटच्या छावणीत, संयुक्त कवायतीसाठी उभे राहिले. या तीन तारखा शेजारी शेजारी मांडल्या, म्हणजे आपल्या परराष्ट्रधोरणाचा अर्थ गेवराई-माजलगावच्या कापूस उत्पादकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

‘युद्ध अभ्यास’ नावाची ही कवायत 2004 पासून चालू आहे. 2021, 2023 आणि 2025 साली ती उत्तर ध्रुववृत्ताच्या उंबरठ्यावरील अलास्कात झाली. 2023 साली गेलेल्या 350 जणांच्या पथकात प्रमुख पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीची होती. पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर धावून भरतीची तयारी करणारी आपल्या खेड्यांतील मुले ज्या सैन्यात जाऊ पाहतात, त्याच सैन्याचा हा प्रश्न आहे. जवानांच्या शौर्याविषयी येथे वाद नाही. वाद आहे तो त्यांना तेथे धाडणाऱ्या धोरणाशी.

सरकारचे पहिले समर्थन असे की, अतिशीत प्रदेशातील लढाईचे शिक्षण मिळते. ज्या सैन्याने 1984 पासून सियाचीनच्या हिमनदीवर ठाणी राखली, ज्याच्या गुलमर्ग येथील युद्धशाळेत परदेशी सैनिक शिकावयास येतात, त्याला बर्फात उभे राहण्याचे धडे अलास्कात गिरवावे लागतात, हे कोणी मानावे? वस्तुतः शिकावयाचे आहे ते निराळेच: अमेरिकी सेनेच्या पद्धतीने, तिच्या संदेशयंत्रणेशी जुळवून घेऊन, तिच्या जोडीने हालचाल करणे. 2016 चा रसदविषयक, 2018 चा संदेशवहनविषयक आणि 2020 चा भौगोलिक माहितीविषयक असे तीन करार याच वाटेवरचे टप्पे आहेत.

आणि रंगभूमी कोणती? उत्तर ध्रुवाभोवतीचे बर्फ वितळत आहे. नवे जलमार्ग आणि तेल-खनिजांचे साठे खुले होत आहेत. 2022 साली अमेरिकेने तेथील लढाईसाठी अकरावी एअरबोर्न डिव्हिजन अलास्कात पुन्हा उभी केली. त्याच वर्षी नॉर्वेत नाटोच्या छत्राखाली सुमारे 30 हजार सैनिकांची कवायत झाली. फिनलंड आणि स्वीडन नाटोत गेल्यापासून ध्रुवप्रदेशातील आठांपैकी सात राष्ट्रे एका गोटात आहेत, आठवे रशिया. या भांडणात भारताचा कोणता हितसंबंध गुंतला आहे?

कोणी म्हणेल, त्याच सप्टेंबरात आपले जवान रशियाच्या ‘झापाद’ कवायतीतही होते. हीच आपली स्वायत्तता. हा युक्तिवाद फसवा आहे. दोन सावकारांचे कर्ज घेणारा कुळवाडी स्वतंत्र होत नसतो, त्याला दोन दारी उभे राहावे लागते. अलिप्ततेचा अर्थ दोन्ही छावण्यांत हजेरी लावणे असा नव्हता. दोन्ही छावण्यांबाहेर राहून शांततेचा आग्रह धरणे, हा तिचा अर्थ होता. 1959 च्या अंटार्क्टिक कराराने दक्षिण ध्रुवावर लष्करी कवायतींना बंदी घातली. 1983 साली भारत त्या करारात सामील झाला. जे एका ध्रुवावर निषिद्ध मानले, त्यात दुसऱ्या ध्रुवाच्या दारी भागीदार व्हावयाचे, ही कोणती नीती?

या मैत्रीचा मोबदला काय मिळाला, तेही पाहावे. एकवीस वर्षांच्या संयुक्त कवायतींनी आयातशुल्काचा एक टक्काही अडवला नाही. इकडे गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, या कारणाने परदेशी गाठींना दार उघडले गेले. अमेरिकी कापूसवाल्याच्या पाठीशी त्याचे सरकार थैली घेऊन उभे असते. बीडचा कापूस मात्र पावसाच्या भरवशावर. त्याच सप्टेंबरात अतिवृष्टीने शेते पाण्याखाली गेली. मध्यम धाग्याच्या कापसाला 7,710 रुपये हमीभाव कागदावर होता. पण भिजलेल्या बोंडाला हमीभाव विचारतो कोण?

आपल्याकडे परकीय करारांना संसदेची पूर्वसंमती लागत नाही. म्हणून हे सारे जनतेच्या पाठीमागे घडू शकते. ही पळवाट बुजवली पाहिजे. प्रत्येक लष्करी करार संसदेपुढे यावा, ध्रुवप्रदेशातील बड्या सत्तांच्या कवायतींतून भारताने अंग काढून घ्यावे आणि उत्तर ध्रुवही शस्त्रमुक्त करण्याची मागणी जागतिक व्यासपीठावर मांडावी. कार्यकर्त्यांनी कापसाच्या भावाच्या सभेत अलास्काचाही हिशेब विचारावा. ज्याचा मुलगा सीमेवर आणि कापूस बाजारात आहे, त्याला तो विचारण्याचा पहिला अधिकार आहे.