‘फौजी आहे, पिणारच’ : एका आळशी वाक्याविरुद्ध

१/ आमच्या यवतमाळ जिल्ह्यात निवृत्त जवानाच्या व्यसनाविषयी दोन वाक्ये ठरलेली आहेत. कौतुकाने बोलायचे तर ‘फौजी आहे, पिणारच’. रागाने बोलायचे तर ‘आता हा काही सुधरत नाही’. इतिहासाच्या कसोटीवर ही दोन्ही वाक्ये खोटी ठरतात.

२/ व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांना हेरॉइन स्वस्तात आणि सहज मिळत असे. हे तरुण घरी परतले की काय होणार, या भीतीने १९७१ मध्ये निक्सन सरकारने परतीपूर्वी लघवीची तपासणी सक्तीची केली. अंमली द्रव्य आढळले की परतीचा प्रवास लांबणीवर पडे.

३/ त्या वर्षीच्या सप्टेंबरात परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने पाठपुरावा केला. सुमारे २० टक्के जवानांनी तिकडे आपण व्यसनाधीन झाल्याचे सांगितले. त्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झाले ते केवळ ५ टक्क्यांच्या आसपास. तीन वर्षांत सुमारे १२ टक्के.

४/ म्हणजे ‘सुधरत नाही’ हे वाक्य गेले. पण ‘मनावर घेतले की सुटते’ म्हणणाऱ्यांनीही टाळ्या वाजवू नयेत. माणसे तीच होती. बदलला तो परिसर. युद्ध, ताण, कंटाळा आणि दारात येणारा पुरवठा मागे राहिला.

५/ आता आपल्याकडे पाहा. आपला जवान परततो, पण बाटली मागे राहत नाही. माजी सैनिकालाही कँटीनमधून मद्याचा मासिक कोटा मिळतो. फौजेतली रम हा ब्रिटिशांचा वारसा. साहेब गेला, रम राहिली. आणि गावात त्या कोट्यावर हक्क सांगणारे कोण? आपणच! आधी मागायचे, मग म्हणायचे, ‘फौजी आहे, पिणारच’.

६/ परिसराचे हे मोल महाराष्ट्राला अपरिचित नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तेथे उपचारांनंतरचा पाठपुरावा आणि कुटुंबाचा सहभाग यांना उपचारांइतकेच महत्त्व आहे. कारण रुग्ण अखेर घरीच परततो.

७/ व्यसन हे शौर्याचे पदक नव्हे आणि चारित्र्यावरचा कायमचा डागही नव्हे. सीमेवरून परतलेल्या माणसाला कोणते गाव मिळते, हे आपल्या हाती आहे. म्हणून मित्रहो, पुढच्या लग्नात फौजी काकांकडे बाटली मागू नका. शेजारी बसा आणि ते कसे आहेत, एवढे विचारा.