जुन्या वस्त्रांची लाज

स्नेहसंमेलनाचा दिवस जवळ येऊं लागला म्हणजे शाळेंत दोन प्रकारचीं मुलें दिसूं लागतात. कांहीं मुलें आपल्या नव्या पोषाखाविषयीं मोठ्या उत्साहानें बोलत असतात. दुसरीं कांहीं मुलें, ज्यांनीं समूहगीताची तालीम महिनाभर मन लावून केलेली असते, तीं एकाएकीं 'पोट दुखतें', 'गांवीं जावयाचें आहे' अशीं कारणें सांगूं लागतात. वर्षांतील इतर सर्व दिवस गणवेष आपणां सर्वांस एका पंक्तीस बसवितो; परंतु ज्या दिवशीं गणवेष नसतो, त्या दिवशीं कोणाच्या घरीं काय आहे आणि काय नाहीं हें सर्वांच्या डोळ्यांपुढें उघडें होतें. वीस वर्षांच्या शिक्षकी पेशांत हा अनुभव मला वारंवार आला आहे, आणि म्हणूनच वस्त्रासारख्या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या विषयावर चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. नीटनेटकें व सुंदर दिसण्यास पुष्कळ कपडे लागत नाहींत, आणि दुसऱ्यानें वापरलेला चांगला कपडा अंगावर घालण्यांत कोणताहि कमीपणा नाहीं. मात्र हा कमीपणा लोकांच्या मनांतून घालविण्याचें काम गरिबानें करावयाचें नसून, ज्याला नवा कपडा सहज परवडतो त्यानें प्रथम केलें पाहिजे.

कपडा पुरवून वापरणें ही कांहीं परदेशांतून आलेली नवी कल्पना नव्हे. महाराष्ट्रांतील घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आजीचें सुती लुगडें विरलें म्हणजे अधिकच मऊ होई. मग त्यांतून तान्ह्या बाळाचें दुपटें निघे, उरलेल्या भागाचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानें गोधडी शिवली जाई, आणि अगदीं शेवटीं उरलेल्या चिंधीनें कंदिलाची काच पुसली जाई. थोरल्याचा सदरा धाकट्यास येई आणि त्यांत कोणास लाज वाटत नसे. मुलांचे कपडे शिवतांना शिंपी शिवणींत थोडें कापड राखून ठेवी, म्हणजे मूल वाढलें कीं शिवण उसवून कपडा मोठा करतां येई. ह्या राखलेल्या कापडास शिंपीलोक 'माया' म्हणतात. हा शब्द ज्यानें प्रथम योजिला त्याला मुलें आणि कपडे हीं दोन्ही चांगलीं ठाऊक असलीं पाहिजेत! पुण्यामुंबईच्या आळ्यांतून जुन्या कपड्यांवर भांडीं देणारी बोहारीण फिरे, आणि तिच्या गाठोड्यांतले कपडे धुऊन, दुरुस्त होऊन पुन्हा बाजारांत जात. हा व्यवहार अजूनहि अगदींच लोपलेला नाहीं.

मग बदललें काय? कपडा स्वस्त झाला, आणि स्वस्त झाल्यामुळें त्याची किंमत राहिली नाहीं. मोबाईलवर बोट फिरवितांच तो दाराशीं येतो आणि दोन महिन्यांत मनांतून उतरतो. एलेन मॅकआर्थर फाउंडेशन ह्या संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, २००० ते २०१५ ह्या पंधरा वर्षांत जगांतील कपड्यांचें उत्पादन जवळजवळ दुप्पट झालें. परंतु एक कपडा टाकून देण्यापूर्वीं जितक्या वेळां घातला जाई, ती संख्या सुमारें ३६ टक्क्यांनीं घटली. म्हणजे कपाटें भरलीं आणि कपड्यांचें आयुष्य तोकडें झालें.

ही स्वस्ताई कोणाच्या तरी पदरीं महाग पडते. २४ एप्रिल २०१३ रोजीं बांगलादेशांत ढाक्याजवळील सावर येथें राणा प्लाझा नांवाची इमारत कोसळली आणि परदेशी दुकानांसाठीं कपडे शिवणारे अकराशेंहून अधिक कामगार प्राणांस मुकले. इमारतीस तडे गेल्याचें आदल्या दिवशींच दिसलें होतें. तरीहि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांना कामावर जावें लागलें. कपड्याच्या आरंभीं हें दुःख, तर त्याच्या शेवटीं कचऱ्याचे डोंगर! दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाच्या आटाकामा वाळवंटांत टाकून दिलेल्या कपड्यांचे प्रचंड ढीग पडलेले आहेत. आपल्या देशांत पानिपत येथें परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे रंगवार निवडून, फाडून, पिंजून त्यांच्या सुतापासून ब्लँकेटें विणतात. हा उद्योग स्तुत्यच आहे. परंतु पॉलिएस्टर व सूत यांचें मिश्रण असलेल्या कपड्यांतील धागे पुन्हा वेगळे करणें फार कठीण असतें. पॉलिएस्टर हें खनिज तेलापासून होतें. तें मातींत कुजून जात नाहीं, आणि प्रत्येक धुण्यांत त्याचे सूक्ष्म तंतु पाण्याबरोबर वाहून जातात.

सुताचा कपडाहि फुकट येत नाहीं. एका सुती सदऱ्यामागें साधारणपणें २७०० लिटर पाणी खर्चीं पडतें, असा एक अंदाज सांगितला जातो. आपल्या विदर्भांतील बहुतेक कापूस कोरडवाहू आहे, तो पावसाच्या पाण्यावर वाढतो. तेथें नळाचें पाणी जात नसेल, पण शेतकऱ्याचें सबंध वर्ष जातें. ज्याच्या धाग्याधाग्यांत एवढे कष्ट आहेत, तो सदरा तीनदां घालून फेंकून देण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

आतां विद्यार्थी म्हणतील, "गुरुजी, आम्हांला चांगलें दिसावेंसें वाटतें, त्याचें काय?" वाटूं द्या. तरुण वयांत तें वाटणें स्वाभाविक आहे, आणि मी त्यास दोष देत नाहीं. फक्त थोडें गणित करा. सहाशें रुपयांचा सदरा तीन वेळां घालून टाकला, तर प्रत्येक वेळीं दोनशें रुपये पडले. बाराशें रुपयांचा चांगल्या विणीचा सदरा शंभर वेळां घातला, तर प्रत्येक वेळीं बाराच रुपये पडले. महाग कोणता आणि स्वस्त कोणता? दुसरें गणित असें: एकमेकांशीं जुळणाऱ्या रंगांचे तीन सदरे आणि दोन विजारी असल्या तर सहा निरनिराळे पोषाख होतात, त्यांवर एक जाकीट चढविलें कीं तेच बारा होतात. मुलींनींहि तीन कुर्ते, दोन सलवारी व दोन ओढण्या घेऊन हाच हिशेब करून पाहावा. ज्याच्या कपाटांत चाळीस कपडे आहेत, पण एकाचा रंग दुसऱ्याशीं जुळत नाहीं, तो रोज सकाळीं 'घालावयास कांहींच नाहीं' म्हणून खोळंबून बसतो.

कपडा अंगास नीट बसणें, स्वच्छ असणें, त्याचीं बटणें जागच्या जागीं असणें आणि त्याची टीप उसवलेली नसणें, ह्या चार गोष्टी साधल्या म्हणजे मनुष्य कोठेंहि मान वर करून उभा राहूं शकतो. ह्यांपैकीं एकहि गोष्ट नव्या कपड्याची मिरासदारी नाहीं. वापरलेला कपडा घेतांना तो उजेडापुढें धरून पाहावा, म्हणजे कोठें विरला आहे तें कळतें. काखेंत, कॉलरवर, गुडघ्यांवर आणि बैठकीवर विशेष लक्ष द्यावें. आंतून शिवण तपासावी आणि 'माया' शिल्लक आहे कीं नाहीं तें पाहावें. घरीं आणल्यावर तो स्वच्छ धुऊन कडक उन्हांत वाळवावा, आणि मग आपल्या मापाप्रमाणें शिंप्याकडून बसवून घ्यावा. शिंप्यास दिलेले पन्नास-शंभर रुपये आपल्याच शेजाऱ्याच्या चुलीस उपयोगीं पडतात. आणि मुलगा असो कीं मुलगी, बटण लावणें, तुरपाई घालणें व साधें रफू करणें हीं कामें प्रत्येकास आलींच पाहिजेत. मात्र एक सावधगिरी बाळगावी. जुना कपडा स्वस्त मिळतो म्हणून त्याचेंहि गांठोडेंच्या गांठोडें घरीं आणणें हा तोच लोभ होय. त्यानें नुसतें नांव बदललें.

येथपर्यंत पुष्कळजण माना डोलवितील. परंतु ह्या विषयाची एक बाजू अशी आहे, कीं ती वगळून उपदेश करणें अप्रामाणिकपणाचें होईल. आपल्या देशांत दुसऱ्याचें उतरलेलें वस्त्र ही केवळ काटकसर नव्हती. ती कित्येकांवर लादलेली हीनतेची खूण होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत कांहीं लोकांनीं प्रेतांचीं वस्त्रें वापरावीं असा दंडक सांगितलेला आहे. १९२७ च्या डिसेंबरांत महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं, अस्पृश्यतेची ओळख ठरलेली लुगडें नेसण्याची पद्धत टाकून देण्यास स्त्रियांना सांगितलें, तें उगाच नव्हे. ज्या घरांतील आजोबांनीं आयुष्यभर मालकाचा जुना सदरा घातला, त्या घरांतील बापानें दिवाळीस किंवा नाताळास मुलाला कोरा करकरीत सदरा घ्यावा, त्यासाठीं प्रसंगीं कर्जहि काढावें, ह्यांत केवळ हौस नसते, स्वाभिमानहि असतो. अशा बापास 'जुनें वापरा, पृथ्वी वांचवा' असें दहा जोड बूट असलेल्या गृहस्थानें सांगावें, ह्यासारखी दुसरी विसंगति नाहीं.

तेव्हां प्रश्न जुन्या कपड्याचा नसून तो कोणत्या वाटेनें येतो ह्याचा आहे. वरून खालीं फेंकलेला कपडा ओशाळें करतो. पण भावाकडून भावाकडे आलेला कपडा तसें करीत नाहीं, कारण तेथें देणारा आणि घेणारा एकाच ताटांत जेवलेले असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडमध्यें १ जून १९४१ पासून कपड्यांवर कूपनें आलीं. पहिल्या वर्षीं प्रौढ माणसास ६६ कूपनें मिळाली आणि तीं संपलीं कीं नवा कपडा बंद. १९४३ सालीं सरकारनें स्वतःच एक पुस्तिका छापून रफू कसें करावें, ठिगळ कसें लावावें, जुन्याचें नवें कसें करावें हें लोकांस शिकविलें. ही बंधनें १९४९ च्या मार्चपर्यंत टिकलीं. १९४७ सालीं राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहाच्या पोषाखासाठीं देखील कूपनें लागलीं. सवलत म्हणून त्यांना कांहीं जादा कूपनें मिळाली, एवढेंच. नियम राजवाड्यालाहि लागू झाला म्हणजे कोपरावरील ठिगळाची टवाळी कोण करणार?

आपल्या देशांतील उदाहरण हवें असेल तर अंशु गुप्ता यांनीं १९९९ सालीं दिल्लींत सुरू केलेल्या 'गूंज' ह्या संस्थेचें घ्या. ही संस्था शहरांतील वापरलेले कपडे खेड्यांत पोहोंचविते. परंतु ते भीक म्हणून वांटीत नाहीं. गांवकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. अंशु गुप्ता यांना २०१५ सालीं रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळालें. कपडा तोच, पण घेणाऱ्याची मान ताठ राहते. खरें मर्म येथें आहे.

म्हणून माझी शाळेस व पालकांस अशी सूचना आहे. वार्षिक परीक्षा संपतांच शाळेंत एक 'कपड्यांचें कपाट' उघडावें. प्रत्येक विद्यार्थ्यानें, मग तो डॉक्टरांचा असो वा हमालाचा, स्वतःस लहान झालेला पण धड असलेला एक गणवेष आणि एक साधा पोषाख धुऊन, इस्त्री करून आणावा व त्यावर कोणाचेंहि नांव घालूं नये. आणि प्रत्येकानें तेथून एक कपडा घ्यावाच. 'गरजूंनीं घ्यावा' अशी पाटी लावली कीं हा बेत बिघडला असें समजावें. संमेलनाच्या दिवशीं प्रत्येकाच्या अंगावर निदान एक वस्त्र ह्या कपाटांतलें असावें, आणि शिक्षकांनींहि हा नियम पाळावा. मग कोणता सदरा कोठून आला हें कोणास कळणार नाहीं, आणि कळलें तरी त्यांत हंसण्यासारखें कांहीं उरणार नाहीं.

कोणी विचारतील, सर्वांनीं असें केलें तर विणकरांनीं व शिंप्यांनीं काय खावें? प्रश्न रास्त आहे. मी नवें घेऊंच नका असें म्हणत नाहीं. थोडें घ्या आणि चांगलें घ्या, एवढेंच म्हणतों. पांच तकलादू साड्यांच्या पैशांत येवल्याच्या मागावरची पैठणी कदाचित् येणार नाहीं. पण एक चांगलें इरकल लुगडें किंवा सोलापुरी चादर येईल, ती कित्येक वर्षें टिकेल, आणि विणणाऱ्याच्या हाताला योग्य दाम मिळेल.

पालकांस एकच विनंति आहे. मुलांच्या देखत दुसऱ्याच्या कपड्यांवरून त्याची किंमत करूं नका. 'तोच ड्रेस पुन्हा घातला वाटतें' हें वाक्य घरांत उच्चारूं नका. मुलें गणित शाळेंत शिकतात, पण लाज घरीं शिकतात. आणि विद्यार्थ्यांनो, पुढील संमेलनाच्या वेळीं तुमच्यापैकीं एकाचेंहि पोट दुखूं नये, समूहगीताच्या रांगेंत एकहि जागा रिकामी दिसूं नये, एवढी माझी इच्छा आहे. ती पुरी करणें तुमच्या हातांत आहे.