मागे पडलेल्याचं काय?

एक स्ट्रीम, दोन वाचक. एक झपाट्याने वाचतो, दुसरा रेंगाळतो. मागे पडलेल्याचं काय करायचं हे न ठरवता स्ट्रीम वाटून देणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे, आणि आपली रोजच्या वापरातली साधनं तोच शिकवतात.

ब्राउझरमधली 'टी' मेथड घ्या. एका ओळीत स्ट्रीमच्या दोन फांद्या. पण डेटा ओढला जातो वेगवान वाचकाच्या गतीने. दुसऱ्या फांदीत न वाचलेले तुकडे साठत राहतात, कसलीही मर्यादा नसलेल्या रांगेत. फेचच्या रिस्पॉन्सवर 'क्लोन' म्हटलं की आतून हेच घडतं. लोक क्लोन करतात, एक प्रत वाचतात, दुसरीकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि मेमरी फुगली की रॅम वाढवून मागतात. नको असलेली फांदी रद्द करायला एक ओळ पुरते. तेवढेही कष्ट घ्यायचे नसतात.

आरएक्सजेएसचं 'शेअररिप्ले' त्याहून वाईट. काही न सांगता वापरलं तर बफर अमर्याद, आणि शेवटचा सबस्क्रायबर निघून गेला तरी न संपलेल्या स्रोताचं सबस्क्रिप्शन चालूच. दोन्ही डिफॉल्ट चुकीचे. नवख्याच्या हाती हे द्यायचं आणि वर 'डॉक्युमेंटेशन वाचा' म्हणून त्यालाच झापायचं, हे मला मान्य नाही.

जावास्क्रिप्टच्या एकाच असिंक जनरेटरवर दोन 'फॉर अवेट' लूप लावले की दोघांना सगळं मिळतं, असं समजणाऱ्यांनी एकदा प्रिंट करून पाहावं. मूल्यं दोघांत विभागली जातात. एकाने ब्रेक केलं की जनरेटरच बंद; दुसऱ्याच्या तोंडचा घास गेला.

याला इलाज नाही, असं कुणी सांगू नये. रस्टच्या टोकिओमधलं ब्रॉडकास्ट चॅनेल तयार होतानाच क्षमता विचारतं; मागे पडलेल्याला 'लॅग्ड' एरर मिळते, किती संदेश हुकले त्या आकड्यासकट. कोटलिनच्या शेअर्डफ्लोमध्ये बफर भरल्यावर पाठवणाऱ्याने थांबायचं, जुनं टाकायचं की नवं, हे निवडता येतं. रेडिसचा पबसब तर तुंबलेल्या क्लायंटचं कनेक्शनच तोडतो. डिफॉल्ट मर्यादा 32 एमबी. कठोर आहे, पण प्रामाणिक आहे.

'आमचा डेटा छोटा आहे' हे उत्तर मला कोड रिव्ह्यूत नेहमी मिळतं. छोटा असेल, तर मर्यादेचा आकडा लिहायला अडचण कसली? तो आकडा, आणि तो ओलांडल्यावर काय होणार, हे दोन्ही कोडमध्ये दिसेपर्यंत मी मंजुरी देत नाही.