फी माफ, मग अडते कुठे?



‘पूर्ण शिष्यवृत्ती मिळेल तिथेच मुलीला घाला’ हा गेल्या अंकातील पत्राचा सल्ला लातूर-नांदेडच्या पालकांची दिशाभूल करणारा आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने वार्षिक 8 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क 100 टक्के माफ झाले. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठे या माफीत नाहीत. म्हणजे ही सवलत एका कॉलेजला बांधलेली नाही, ती मुलीसोबत पुण्यालाही जाते!

खरा खर्च खोलीचा आणि मेसचा.

नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 पासूनचे. ते दुय्यम मुळीच नाही. हवी ती शाखा तिथे मिळाली तर घराजवळ शिकणे उत्तमच. पण संगणकाची ओढ असलेल्या मुलीला केवळ पैसे वाचतात म्हणून नको त्या शाखेत बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे. पालकांनी पसंतीक्रम भरण्याआधी नांदेड आणि पुणे या दोन्ही शहरांतला राहण्याजेवणाचा वर्षाचा आकडा कागदावर मांडावा, आणि पहिला पर्याय मुलीला स्वतः लिहू द्यावा.

– एक वाचक, लातूर