‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्यांना

अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’चा विषय निघाला की आपल्या मालवण-वेंगुर्ल्याच्या बैठकींत ठरलेला खेळ सुरू होतो. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे म्हणजे कोण, त्यांची खुर्ची ओढू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे कोण? नावे सुचतात, हशा पिकतो आणि शेवटी कोणी तरी सुस्कारा टाकतो, “सगळे सारखेच!” या सुस्काऱ्याला आमचा विरोध आहे.

कादंबरी १९७७ ची. वर्षभरातच, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादा पाटलांचे सरकार त्यांच्याच मंत्रिमंडळातून बाहेर पडलेल्या शरद पवारांनी पाडले आणि पुलोदचे सरकार आले. जनता पक्षात विलीन झालेले समाजवादी त्या सरकारात सामील होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला. त्याने एकट्यादुकट्याची उडी अडवली, टोळीची नाही. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हा जुनी कादंबरीच पुन्हा छापली जात आहे असे वाटले.

साधूंनी केवळ दोन महत्त्वाकांक्षी माणसे रंगवली नाहीत. मंत्री, कामगारपुढारी डिकास्टा आणि पत्रकार दिगू टिपणीस एकाच जाळ्यात कसे वावरतात, हे त्यांनी दाखवले. दिगूला सारे कळते. त्याच्या हातून काही घडत नाही. जब्बार पटेलांच्या १९७९ च्या चित्रपटात निळू फुल्यांचा दिगू अखेरीस वेड्यासारखा हसत सुटतो. मित्रहो, आपल्या बैठकीतला हशा तोच आहे. खलनायक ओळखता आला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मानणारा वाचक हा सत्तालोलुपांचा सर्वांत स्वस्त आधार होय.

दूर कशाला जावे? मालवणच्या राजकोट किल्ल्यात ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे होण्याआधी, तो कोसळला. दोनच दिवसांत त्याच किल्ल्यात राजकीय गटांची धुमश्चक्री झाली. काम कोणाला, कोणत्या निकषांवर दिले आणि तपासणी कोणी केली, हे प्रश्न घोषणांच्या गदारोळात दबले. कोण कोणाला भारी पडला, याचीच चर्चा आपण चवीने केली.

आणि सगळे सारखेच होते का? याच किनाऱ्याने राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून तीनदा बॅ. नाथ पै यांना आणि १९७१ पासून पाचदा मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवले. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या आल्या. सत्ता कशासाठी, याचे उत्तर त्या गादीवर पाठ टेकणाऱ्या सामान्य प्रवाशाला मिळाले. त्याच दंडवत्यांना १९९१ मध्ये याच मतदारसंघाने पराभूत केले. तो दोष कोणत्या दाभाड्यांच्या माथी मारावयाचा?

‘सिंहासन’ अवश्य वाचावे. परंतु पुढच्या बैठकीला येताना कादंबरीबरोबर आपल्या ग्रामपंचायतीच्या कामांचे अंदाजपत्रक आणि देयकेही आणावीत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तो हक्क आपल्याला दिला आहे. जिवाजीराव कोण, हा प्रश्न त्यानंतर विचारावा.